टायरची नक्षी शाबूत, तरी समृद्धीवर टायर फुटला. चुकलं कुठे?

निवांतराव

मंडळी, आधी हे सांगून टाकतो की सगळे धडधाकट आहेत, कुणाला खरचटलंसुद्धा नाही, त्यामुळे काळजीचे मेसेज नकोत, शिव्या चालतील.

गेल्या शनिवारी पुण्याहून नागपूरला, म्हणजे सासुरवाडीला निघालो. गाडी छोटी सेडान, मार्च २०१८ मध्ये घेतलेली, मीटरवर जेमतेम ४६ हजार, कारण ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर. आत मी, बायको, दोन पोरं, सासूबाई. डिकीत बॅगा आणि हापूसच्या चार पेट्या. पहाटे पाचला निघून नगर, संभाजीनगर करत समृद्धीला लागलो. सिंदखेडराजा मागे टाकला, काटा ११५-१२० च्या मधे, एसी फुल, पोरं झोपलेली, आणि मागून फडफड फडफड असा आवाज यायला लागला. मला वाटलं डिकी नीट लागली नाही. बायकोला म्हणतोय की जरा मागे बघ, तेवढ्यात धाड! मागचा डावा टायर. गाडी त्या बाजूला बसली आणि कुत्रं शेपूट हलवतं तशी मागून डोलायला लागली.

खरं सांगतो, पाय ब्रेककडे गेला होता. पण सासूबाई इतक्या जोरात "अगं आई गं" ओरडल्या की मी दचकून पायच उचलला आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं. गाडी आपली आपण मंदावत गेली, तीनेकशे मीटरवर कडेला लागली. उतरून बघतो तर टायरची पट्टी सोललेल्या केळासारखी लोंबतेय आणि मडगार्डचं प्लास्टिक गायब. स्टेपनी काढली तर तिच्यात हवा १५ पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक). अकोल्याचं एक कुटुंब थांबलं, त्यांच्याकडे लायटरच्या सॉकेटला लावायचा पंप होता म्हणून निभावलं. देव त्यांचं भलं करो.

आता मुद्दा. निघायच्या आधी मी टायर बघितले होते हो. नक्षी जवळजवळ नव्यासारखी. हवापण चेक केली. पंपावरचा पोरगा म्हणाला साहेब ऊन आहे, लांब जाताय, २८ च ठेवतो, गरम होऊन आपोआप वाढेल. मला पटलं. मग फुटला का? कंपनीचा डिफेक्ट म्हणून क्लेम करता येईल का? आणि एकच बदलू की चारही?

वऱ्हाडी_ठेचा

बापू जीव वाचला थे बरं झालं. आंब्यायचं काय झालं थे सांग आधी.

निवांतराव

एक पेटी अकोल्याच्या लोकांना दिली. बाकी तीन पोचल्या, वरचे चार-पाच आंबे पिचले. सासरेबुवांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, योगायोग बघा.

टायरवाला_भाचा

निवांतराव, क्लेम विसरा. आधी फुटलेल्या टायरच्या बाजूवर बघा, डीओटी अशी अक्षरं असतील, त्या ओळीच्या शेवटी लांबट गोलात चार आकडे असतात. ते काय आहेत? एका बाजूला नसले तर टायर उलटा करून दुसऱ्या बाजूला बघा, बऱ्याचदा ते आतल्या अंगाला असतात.

माझ्या मामाचं संभाजीनगरला टायरचं दुकान आहे, कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्या मी तिथे रिमवरून टायर उतरवण्यात घालवल्यात म्हणून विचारतोय.

निवांतराव

४४१७

टायरवाला_भाचा

म्हणजे २०१७ सालचा ४४ वा आठवडा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बनलेला टायर, आठ वर्षं उलटून गेली. तुम्ही नक्षी बघितली, वय बघितलंच नाही.

रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, आणि गाडी उभी असली तर उन्हाने, हवेने लवकरच होतं. तुमच्यासारखी कमी फिरणारी गाडी असली की हाच घोटाळा होतो बघा, रोज फिरणाऱ्याचा टायर चार-पाच वर्षात गुळगुळीत होतो म्हणून तो झक मारत बदलतो, आणि कमी फिरणारा म्हणतो नक्षी तर आहे की. बऱ्याच टायर कंपन्या सांगतात पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षांच्या पुढे तर नकोच, नक्षी कितीका असेना. आमचा मामा सहावं वर्ष लागलं की गिऱ्हाइकाच्या मागे लागतो, त्यात त्याचा धंदा आहे हे मान्य, पण उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला ते चुकीचंही नाही. उरलेल्या टायरांच्या बाजूला नख लावून बघा, बारीक बारीक भेगा दिसतील, कोरड्या पडलेल्या टाचेसारख्या.

आणि एक, ती आधीची फडफड होती ना? ती पट्टी सुटत होती. नक्षीचा थर आणि आतले स्टीलचे पट्टे एकमेकांपासून सुटायला लागले की आधी थरथर किंवा फडफड येते. तिथेच वेग उतरवून कडेला घेतली असती तर धाड झालंच नसतं कदाचित.

मी_सांगतो_ना

वय बिय सगळं टायरवाल्यांचं धंद्याचं गणित आहे. खरं कारण २८ पण जास्तच होती. मी गेली १५ वर्षं उन्हाळ्यात २६ ठेवतो, नागपूर, हैदराबाद, इंदूर सगळं फिरलोय, एकदाही फुटला नाही. उन्हाने हवा फुगते हे शाळेतल्या पोराला पण माहितीये. फुगा उन्हात ठेवून बघा.

भौतिकशास्त्र_नापास

@मी_सांगतो_ना, फुगा आणि टायर यात फरक आहे म्हणून तर टायर महाग मिळतो. हिशोबच करू. सकाळी २५ अंशाला ३३ भरली. गाडी पळून टायरच्या आतली हवा ६० अंशाला गेली. किती होईल? साधारण साडेअडतीस. बस. साडेपाच पीएसआय वाढ. टायरच्या बाजूवर कमाल दाब लिहिलेला असतो, बहुतेक कार टायरवर ४४ किंवा ५१, आणि तो पण थंड टायरचा. म्हणजे गरम होऊन वाढणारी हवा धरूनच टायर बनवलेला असतो आणि गाडीच्या दारावर जो आकडा दिलेला असतो तोही हे धरूनच दिलेला असतो.

आता उलटं बघा. हवा कमी असली की टायर जमिनीला टेकतो तिथे बाजूची भिंत जास्त दबते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा दबणार, सुटणार. १२० च्या वेगाला छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सतराएक फेरे मारतं. लोखंडी तार हातात घेऊन मागेपुढे वाकवत राहा आणि मग वाकलेल्या जागी बोट लावून बघा, चटका बसतो. टायरच्या भिंतीत तेच चाललेलं असतं. ऊन टायर फोडत नाही हो, ही आतली उष्णता फोडते, ऊन फक्त तिला निवू देत नाही.

मी_सांगतो_ना

मग माझा १५ वर्षं का फुटला नाही?

भौतिकशास्त्र_नापास

तुम्ही किती वेगाने चालवता?

मी_सांगतो_ना

७०-८०. मी संसारी माणूस आहे.

भौतिकशास्त्र_नापास

मिळालं उत्तर. (आणि ८० ला केलेला अपघात १२० पेक्षा बरा, कारण १२० ला अंगात सव्वादोन पट ऊर्जा असते. त्याबाबतीत तुम्हाला दंडवत.)

सगळं_टायरचं_नाव

थोडं वेगळं बोलतो. समृद्धीवर काहीही झालं की "टायर फुटला" हे पहिलं वाक्य असतं. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेल्या खासगी बसचा जो भयानक अपघात झाला, २५ जण जळून गेले, त्यातही सुरुवातीला टायर फुटल्याचंच सांगितलं गेलं होतं. अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालात मात्र टायर फुटल्याच्या खुणा मिळाल्या नाहीत असं आलं. टायर बिचारा बोलू शकत नाही त्यामुळे त्याच्यावर ढकलायला सोपं पडतं. निवांतरावांचा टायर खरोखर फुटला हे मान्यच आहे, पण सरळसोट रस्त्यावर तीन-चार तास एकच दृश्य बघून डोळे उघडे ठेवून झोपणारे किती असतील. मी स्वतः जालन्याच्या पुढे एकदा पुढचा ट्रक चालतोय की उभा आहे हे कळायला दोन सेकंद लावले होते. १०० च्या वेगाला दोन सेकंद म्हणजे पंचावन्न मीटर. तेव्हापासून दोन तास झाले की उतरतो म्हणजे उतरतो, चहा असो नसो.

डेपोतला_दादा

मी यष्टीत मेकॅनिक होतो कोल्हापूरकडं, रिटायर होऊन सहा वरसं झाली. एक सांगू का, तुम्ही लोकं गाडीत बसता आणि चावी फिरवता. आमच्याकडं ड्रायव्हर आधी गाडीभोवती फेरी मारायचा. हातात लोखंडी पाना नायतर दांडकं, प्रत्येक टायरवर एक ठोका. भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, हवा गेलेल्याचा बद्द. मागं दोन-दोन टायर असत्यात, आतला बसला तरी बाहेरचा उभा दिसतो म्हणून ठोकून बघायचं. तुमच्या मोटारीला ठोकायची गरज नाही पण फेरी तर मारा की राव! ट्यूबलेस टायर डोळ्यांना २५ ला पण तसाच दिसतोय आणि ३३ ला पण तसाच, त्यामुळं गेज पायजे. टायरवाल्याकडं मिळतोय, लई महाग नस्तोय. पंपावरच्या मशीनवर इस्वास ठेवू नका, कुणी आपटलेलं असतंय, कुणी पाडलेलं.

हवा कधी बघायची, सकाळी गाडी थंड असताना. पंप दोन-तीन किलोमीटरवर असंल तर चालतंय. शंभर किलोमीटर पळवून गेला आणि ३८ दिसली म्हणून हवा सोडून ३३ केली की झाला घोटाळा, थंड झाल्यावर तीच २८ व्हायची.

नवशिकी_४०

हा आकडा नेमका कुठे लिहिलेला असतो? मी चाळिशीत गाडी शिकलेय, क्लासवाल्या सरांनी टायरबद्दल एक अक्षर सांगितलं नाही, फक्त आठचा आकडा काढून घेतला. आणि स्टेपनी बदलायची वेळ आली तर मला एकटीला जमेल का? आमच्या ह्यांना पण येत नाही हे आपल्यातच ठेवा.

टायरवाला_भाचा

@नवशिकी_४०, ड्रायव्हरचं दार उघडा, दार जिथे बंद होऊन बसतं त्या खांबावर स्टिकर असतं. काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आत. त्यावर बहुतेक दोन ओळी असतात, एक दोन-तीन माणसांसाठी, एक भरलेल्या गाडीसाठी, आणि भरलेल्या गाडीला मागच्या टायरात जास्त हवा सांगितलेली असते. निवांतराव, पाच माणसं आणि चार पेट्या म्हणजे तुमची दुसरी ओळ लागू होती, कदाचित ३६. तुम्ही २८ वर गेलात. आठ वर्षांचा टायर, मागे आठ पीएसआय कमी, वर वजन, वर १२०. आता सांगा कंपनीकडे कुठल्या तोंडाने क्लेम करायचा.

टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा असतो तो कमाल आहे, तो भरायचा नसतो, ही पण चूक लोक करतात.

निवांतराव

आत्ता खाली जाऊन बघून आलो. मागे ३६ च आहे. आठ वर्षं त्या स्टिकरच्या शेजारून आत बसतोय मी.

गॅरेजवाली_ताई

नवशिकी, नक्की जमेल, मी पंचावन्न किलोची आहे आणि करते. घरी सावलीत एकदा सराव कर, रस्त्यावर पहिल्यांदा करू नकोस.

गाडी सपाट आणि घट्ट जागी, हॅंडब्रेक, पहिला गिअर, आणि तिरक्या बाजूच्या चाकाला दगड. सगळ्यात मोठी चूक ही होते की लोक आधी जॅकवर गाडी उचलतात आणि मग नट सोडायला जातात, चाक गरगर फिरतं आणि गाडी जॅकवरून घसरते. चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा. हाताने होत नसेल तर पाना आडवा लावायचा आणि त्याच्या टोकावर पाय देऊन वजन टाकायचं, आपलं वजन कधी नव्हे ते इथे कामाला येतं. दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळतात की घरच्या पान्याने हलत नाहीत, म्हणून टायरचं काही काम झालं की दुकानातच गाडीतल्या पान्याने एक नट सोडून बघायचा. ते हसतात. हसू दे.

जॅक पत्र्याला कुठेही नाही, दाराच्या खाली कडेला खाचा असतात तिथेच. उचलल्यावर स्टेपनी आडवी करून गाडीखाली सरकवून ठेवायची, जॅक घसरलाच तर गाडी तिच्यावर बसेल, आपल्या हातावर नाही. जुनं चाक काढलं की ते खाली सरकवायचं आणि स्टेपनी बाहेर काढायची. नट आवळताना शेजारी शेजारी नाही, समोरासमोर, चांदणी काढतो तसे. खाली उतरवून शेवटचं आवळायचं आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाले की परत एकदा.

आणि हे सगळं एक्स्प्रेसवेवर करायचंच असं नाही. कडेला पण जागा धड नसेल तर लाल त्रिकोण लांब मागे ठेवायचा, सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभं करायचं आणि मदत बोलवायची. नॅशनल हायवेवर १०३३, ॲम्ब्युलन्स लागली तर १०८. बिघडलेल्या गाडीत एसी लावून बसून राहू नये, मागून येणाऱ्याला आपण चालतोय असंच वाटतं.

नवशिकी_४०

ताई हे मी लिहून गाडीच्या कप्प्यात ठेवते. आणि आमची स्टेपनी बघितली, बाकीच्या चाकांपेक्षा बारीक आहे, बायसिकलच्या मोठ्या भावासारखी. हे बरोबर आहे का?

टायरवाला_भाचा

बरोबर आहे, ती तात्पुरती स्टेपनी. तिच्यावर ८० ची मर्यादा लिहिलेली असते, ती फक्त पंक्चरवाल्यापर्यंत जायला. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, २०२० मध्ये नियम आला की टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट दिलं असेल तर नाही दिली तरी चालते. गाडी घेताना डिकीचा पत्रा उचलून बघत चला.

मी_सांगतो_ना

नायट्रोजनचं कुणीच बोललं नाही. मी तर नायट्रोजनच भरतो. त्याने टायर थंड राहतो.

भौतिकशास्त्र_नापास

साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, बाकीचे बावीस टक्के इतका फरक पाडत नाहीत. गरम झाल्यावर दोन्ही सारख्याच फुगतात. एकच खरं, नायट्रोजन कोरडा असतो, बाष्प नसतं आणि गळती जरा हळू. फुकट देत असतील तर भरा, पण "नायट्रोजन आहे" म्हणून तीन महिने न बघणं हे साधी हवा महिन्यातून दोनदा बघण्यापेक्षा वाईट.

म्युनिकची_मावशी

मी वीस वर्षं जर्मनीत. इथे सगळ्यांकडे टायरचे दोन सेट, उन्हाळी आणि हिवाळी, आणि म्हण आहे की ओ पासून ओ पर्यंत, म्हणजे ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी लावायचे (ईस्टर जर्मनमध्ये ओ ने सुरू होतो). बर्फ असताना उन्हाळी टायरवर पकडलं तर दंड. नक्षीची कायदेशीर मर्यादा मात्र इथेही १.६ मिमीच, आपल्याकडे कारला तेवढीच. खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. इथले लोक युरोचं नाणं खाचेत घालून बघतात.

ह्यावरून आठवलं, भारतात आले की भावाच्या गाडीत मी मागे बसून बेल्ट शोधते तर तो सीटच्या फटीत गाडलेला असतो आणि वर चिवड्याचे कण. भाऊ म्हणतो मागे कशाला लागतो. निवांतराव, मागे सासूबाईंनी बेल्ट लावला होता का?

निवांतराव

नव्हता. पोरांनीही नव्हता. हे मूळ पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं, आता विचारलंत म्हणून. येताना सगळ्यांनी लावला, सासूबाई सोबत नव्हत्या पण निघताना दारात उभं राहून त्यांनीच तपासलं.

घाटवेडा

उन्हाळ्याचं झालं, महिन्याभरात पाऊस येतोय म्हणून पुढचं. ताम्हिणीत आणि एक्स्प्रेसवेवर जुलैत खरी परीक्षा नक्षीची. पाणी साचलेल्या पट्ट्यात वेगाने गेलं की नक्षीच्या खाचा पाणी बाहेर फेकायला पुऱ्या पडत नाहीत आणि टायर पाण्यावर तरंगतो. स्टिअरिंग एकदम हलकं लागतं, खेळण्यातलं असल्यासारखं. तेव्हा ब्रेक नाही, वळवणं नाही, ॲक्सिलेटर सोडायचा आणि चाक परत जमिनीला लागेपर्यंत सरळ धरायचं. पावसात क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद. इथेपण हवा कमी असेल तर लवकर तरंगतो. विमानाच्या टायरवरून नासाने काढलेलं एक जुनं सूत्र आहे, त्याने ३३ ला साधारण ९५ किमी आणि २४ ला ऐंशीच्या आसपास येतं. कारला ते तंतोतंत लागू नाही, गुळगुळीत टायर तर त्याच्याही आधी तरंगेल, पण अंदाज येतो.

आणि वादाचा मुद्दा टाकतो: दोनच टायर नवे घेणार असाल तर ते मागे लावा.

वऱ्हाडी_ठेचा

काहून? इंजिन समोर, स्टिअरिंग समोर, वजन समोर, अन नवे टायर मांगं? आमचा टायरवाला तं समोरच लावते.

घाटवेडा

पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, हाताला कळतं, पाय सोडला की बऱ्याचदा परत पकडते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि ती आपल्यासारख्या माणसाला सावरत नाही. निवांतरावांना विचारा मागचा टायर गेल्यावर कसं वाटलं.

निवांतराव

शेपूट. दुसरा शब्द नाही.

डेपोतला_दादा

घाटाचं निघालंच हाय तर. ज्या गिअरात चढतोस त्याच गिअरात उतर, हे आम्ही नव्या ड्रायव्हराला पहिल्या दिवशी सांगायचो. मोटारवाले पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून उतारावर सोडत्यात. वाचत कायच नाही, आजकालच्या गाडीत गिअरात असताना पाय काढला की इंजिनाला इंधन जायचंच थांबतंय, न्यूट्रलमधी उलट चालू ठेवायला जातंय. आणि सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापला की पेडल दाबूनबी गाडी थांबत न्हाई, करपल्यागत वास येतो. तो वास आला की थांबा, पण चाकावर पाणी वतू नका, तापलेली डिस्क वाकडी होती. आपोआप निवू द्या.

टायरवाला_भाचा

दादांना सलाम. मी पण दुकानातलं एक सांगतो. पंक्चर झाल्यावर "जवळच आहे पंक्चरवाला" म्हणून लोक एक-दोन किलोमीटर तशीच हाकतात. असा टायर रिमवरून उतरवला की आतून काळा भुगा पडतो, मूठभर. तो भिंतीचा आतला थर दळून निघालेला असतो. बाहेरून टायर झकास दिसतो, पंक्चर काढून हवा भरली की गिऱ्हाईक खूश, आणि असा टायर पुढे कधीतरी हायवेवर जातो. भुगा दिसला की टायर बाद, मग तो महिन्यापूर्वीचा का असेना. म्हणून वात (चिकट रबरी दोरी) घालून बाहेरून काढलेलं पंक्चर गावापुरतं ठीक, लांब जायचं असेल तर टायर उतरवून आतून बघून मशरूम पॅच, म्हणजे आतून चिकटणारा आणि दांडा भोकात बसणारा पॅच. बाजूच्या भिंतीला पंक्चर असेल तर काढायचंच नाही, कुणी कितीही पैज लावू दे.

खड्ड्यात आपटून बाजूला टेंगूळ आलं असेल तर तेही तसंच, आतले धागे तुटलेत. "बघू, चालतंय तोवर" हे टेंगळाला चालत नाही.

मी_सांगतो_ना

सहज विचारतो. माझ्या पुढच्या दोन्हीवर २२१६ आहे.

भौतिकशास्त्र_नापास

२०१६ चा २२ वा आठवडा. जून.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ दहा वर्षं होऊन राह्यले. केक काप अन बदलव.

मी_सांगतो_ना

ठीक आहे. पण हवा मी २६ च ठेवणार.

म्युनिकची_मावशी

😀😀

निवांतराव

अपडेट. आज चारही बदलले, स्टेपनीपण त्याच वेळची असल्याने पाचवा टायरही घेतला, खिसा रिकामा. जुना साईज १८५/६५ आर १५ आणि ८८ एच तोच ठेवला. दुकानदार रुंद टायर घ्या, गाडी उठून दिसते म्हणत होता, भाच्याच्या धाकाने घेतला नाही. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो आणि एच म्हणजे २१० किमीपर्यंत हे त्यालाच मी समजावून आलो, त्याला ते फारसं आवडलं नाही. सगळ्यांवर यंदाचीच तारीख बघून घेतली, एक जण गेल्या वर्षीचा मधेच घालत होता. अलाइनमेंट, बॅलन्सिंग केलं, व्हॉल्व्ह पण नवे टाकले. गाडीतल्या पान्याने नट सोडून बघितला, निघाला नाही. परत हाताने आवळून घेतले. ते हसले, ताई.

जुने तीन टायर आणि स्टेपनी दुकानदार म्हणतो इथेच ठेवा, प्रत्येकी तीनशे देतो. नक्षी चांगली आहे म्हणाला. देऊ का?

टायरवाला_भाचा

अजिबात नको!! तेच टायर पॉलिश लागून "सेकंड हँड, ७० टक्के नक्षी" म्हणून कुणाच्या तरी गाडीला लागणार. बाजूच्या भिंतीला कटर मारून द्या, त्याच्यासमोर. बाराशे रुपये गेले समजा.

निवांतराव

मारला. तिघांना. चौथा पोरांनी झोक्यासाठी मागितला, त्याला भोकं पाडायचं काम रविवारी. पाणी साचू नये म्हणून खालून पाडायची ना?

गॅरेजवाली_ताई

हो, खालून तीन-चार. आणि काठावर हात फिरवून बघा, स्टीलची तार कुठे बाहेर आली असेल तर झोका नको.